शफीच्या फियाटचं नवं इंजिन

भोर,
रविवार

प्रिय शफी,

पाकीट बघून तुला आधी वाटेल, सोमनाथचं डोकं फिरलं. हल्ली लग्नाच्या पत्रिकासुद्धा मोबाईलवर येतात आणि हा बाबा पोस्टात जाऊन तिकीट चिकटवतोय. पण तुला फोन करून उपयोग नाही, आणि मोबाईलवर चार ओळी टाकल्या की तू अंगठा दाखवून मोकळा होतोस. दिवाळीपासून मला तुझे नुसते अंगठेच आले आहेत. अंगठ्याशी माणूस किती वेळ बोलणार? म्हणून हे पत्र. नीट बसून वाच, चहा घेऊन वाच, आणि चिडायचं असेल तर शेवटी एकदम चिड, मध्ये मध्ये नको.

चिडण्यासारखं आहेच. दानिशनं मला तुझा निरोप सांगितला होता की अब्बा म्हणतात, फियाट भंगारात घालून टाका, जागा तरी मोकळी होईल. मी बरं म्हणालो. भंगारवाला आलाही. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, दारावर थाप मारली आणि पत्रा जाड आहे म्हणाला. बाजारात बोकड बघावा तसं तो तिच्याकडं बघत होता, ते मला सहन झालं नाही. चहा पाजून मी त्याला वाटेला लावलं. तेव्हा शफी, तुझी फियाट भंगारात गेलेली नाही. ती आपल्या गॅरेजातच उभी आहे. तिच्यात मी दुसरं इंजिन बसवलंय, इंजेक्शनचं, कॉम्प्युटरवर चालणारं. आणि ती तू येऊन घ्यावीस, तूच चालवावीस, असं माझं म्हणणं आहे. एवढ्यासाठी गेले कित्येक महिने मी खपतोय. आता बाकीचं सावकाश सांगतो.

तिचं जुनं इंजिन गेलंच होतं. तू नाशिकला गेल्यावर मी अधूनमधून सेल्फ मारून बघायचो, पण पावसाळ्यात ते जाम झालं ते झालंच. कार्ब्युरेटरमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. तुझी नजर चुकवून मी घातलेल्या वायरी तेवढ्या त्यांनी शिल्लक ठेवल्या, यावर तू काय बोलशील ते मला इथं बसून ऐकू येतंय. त्याच दिवसांत गुंजवण्याच्या गेनबाच्या व्हॅनवर जांभळाचं झाड कोसळलं. तोच गेनबा, धरणाच्या अंगाला ज्याची भातखाचरं आहेत आणि जो वेल्ह्याच्या शाळेची मुलं ने-आण करायचा. नशिबानं गाडीत कुणी नव्हतं. वरचा टप सपाट झाला, पण इंजिनाला ओरखडाही नाही. ते इंजिन आपल्या फियाटसारखंच लांबीत बसतं आणि मागची चाकं फिरवतं. मी बघायला म्हणून गेलो आणि इंजिन, गिअरबॉक्स, वायरींचा सगळा जुडगा टेम्पोत घालून घेऊन आलो.

आता इंजिन उतरवणं, चढवणं हे तुझं खातं. मी वायरमन माणूस, माझा हात पक्कड आणि सोल्डरिंगपलीकडं गेला नाही. आपलं ठरलेलंच होतं, लोखंड तुझं आणि तांबं माझं. तरी मी तुझी पेटी उघडली. तेल लावून पुसून ठेवलेले पाने, एकही जागेवरनं हललेला नाही. मला जरा परक्याच्या घरात शिरल्यासारखं झालं. चेन पुलीला इंजिन लटकवून मी खाली वाकून बघत होतो आणि तोंडानं बोलत होतो, ‘शफी, थोडं डावीकडं, अजून, अजून, बस्स.’ शेजारच्या रसवंतीतली रतनबाई दारात येऊन बघून गेली. तिनं दुसऱ्या दिवशी मला लिंबू आणून दिलं, उतरवून टाकायला. मी त्याचं सरबत केलं.

तुझा स्टिअरिंगला असलेला गिअरचा दांडा गेला, हे आधीच सांगून टाकतो. व्हॅनच्या गिअरबॉक्सवर दांडा सरळ उभा असतो, त्यासाठी मला फियाटच्या तळाला भोक पाडावं लागलं. ग्राइंडर लावला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. या गाडीतून माझ्या सुलक्षणाला आपण पुण्याच्या हॉस्पिटलातून शेवटचं घरी आणलं. कात्रजपासून भोरपर्यंत तू अशी चालवलीस की तिला एक धक्का बसला नाही, आणि मागं लोक शिव्या घालत होते तरी तू वेग वाढवला नाहीस. ती मला म्हणाली, ‘शफीभाऊजी आहेत म्हणून बरं.’ हे मी तुला त्या वेळी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

वायरिंगचं मात्र ऐक, कारण त्यात माझी चांगलीच जिरली. व्हॅनमधून काढलेला जुडगा फरशीवर पसरला तर दारापासून मागच्या भिंतीपर्यंत गेला. फियाटच्या अख्ख्या अंगात नव्हत्या तेवढ्या वायरी एकट्या इंजिनाला. एक वायर सांगते इंजिन किती तापलंय, दुसरी सांगते किती हवा आत गेली, तिसरी सांगते शाफ्ट कुठल्या घडीला कुठं आहे, आणि हे सगळं जातं एका डबीत. ती डबी ठरवते पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची. जी कामं तू कानानं करायचास, लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाला लावायचास आणि डोळे मिटून सांगायचास की तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह, ती आता त्या डबीकडं आहेत. फियाटला नको त्या वायरी, म्हणजे एसीच्या, दाराच्या काचांच्या, कसल्या कसल्या, मी एकेक करून सोडवून बाजूला केल्या. उरलेल्यांना पांढऱ्या चिकटपट्टीवर नावं घातली. रोज सकाळी गॅरेज उघडायचं, पोतं अंथरून त्यावर मांडी घालायची आणि एक वायर धरून तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. गिऱ्हाईक आलं नाही तर बरं वाटायचं, असे दिवस होते.

आणि इतकं करून मी चुकलो कुठं, तर अर्थिंगमध्ये. हसू नकोस. आपली जन्माची सवय काय, तर बल्ब असो, हॉर्न असो, वायपर असो, जायला एक वायर आणि परत यायला गाडीचा पत्रा. बॉडी चकचकीत घासायची आणि अर्थ तिथं आवळायचा, विषय संपला. मी या इंजिनाच्या सेन्सरनाही तसंच केलं. सगळ्यांच्या परतीच्या वायरी एकत्र पिळून फियाटच्या पत्र्याला आवळल्या आणि वर तुझ्यासारखी मिशीवर पालथी मूठ फिरवली. मग त्या डबीला भलभलते भास व्हायला लागले. इंजिन थंडगार असताना तिला ते उकळतंय असं दिसायचं. हेडलाईट लावला की तिला वाटायचं कुणीतरी ॲक्सिलरेटर दाबला. हायवेला कामथडीजवळ इंद्रजितचं वर्कशॉप आहे. तू गेल्यावर आलाय तो, चाळिशीचा भला माणूस, स्कॅनर घेऊन येतो आणि चपला बाहेर काढून आत येतो. तो म्हणाला, ‘काका, ह्यांची परतीची वायर परत डबीकडंच न्यावी लागते. पत्र्यावर सोडली की बाकीच्यांची गडबड तिच्यात शिरते.’ मी दोन दिवस त्याच्याशी हुज्जत घातली आणि तिसऱ्या दिवशी सगळं सोडून परत बांधलं. प्रत्येकीला स्वतःची परतीची वायर दिली. इतक्या वर्षांचा हात खोटा ठरला याचं वाईट वाटलं, आणि ते सांगायला, तोंडावर हसून घ्यायला कुणी नव्हतं याचं जास्त.

त्यानंतरही ती चालू होईना. सेल्फ फिरतोय, पेट्रोल येतंय, बॅटरी ताजी, पण इंजिन पेट घेत नाही. इंद्रजितनं स्कॅनर लावला आणि विचारलं, ‘काका, ह्याची मूळ किल्ली कुठंय?’ मी त्याला फियाटची किल्ली दाखवली. ती तुझी, पितळी, पातळ झालेली. तो हसला. म्हणाला, व्हॅनची किल्ली. त्या किल्लीच्या डोक्यात बारीक चिप असते आणि ती जवळ असल्याशिवाय डबी इंजिन चालू होऊ देत नाही. आता मला सांग, आपल्या पिढीतल्या कुठल्या मेकॅनिकला इंजिन घेताना किल्ली मागायचं सुचलं असतं? आपल्या लेखी किल्ली कुलपाची. इंजिनाला ती कशाला ओळखायला लागली? मी इंजिनाचा नट अन् नट मोजून आणला होता आणि किल्ली गेनबाच्या घरी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी एसटीनं नसरापूर, तिथून वेल्ह्याची गाडी, मग मधल्या फाट्यावर उतरून एका दुधवाल्याच्या मागं बसून गुंजवणं. गेनबा ओसरीवर सुंभ वळत बसला होता. किल्लीचं नाव काढलं तर खाली बघून सुंभ वळतच राहिला. त्याची बायको अंबूबाई आतून म्हणाली, ‘ती देव्हाऱ्यात हाय. रोज सकाळी पूजा झाली की हातात घेत्यात, आन् परत ठिवत्यात. इंजिन गेलं तवा काय वाटलं न्हाई त्यास्नी, पर किल्लीला हात लावू देत न्हाईत.’ मला वाटलं आता रिकाम्या हातानं परत. मी कुणासाठी हे चाललंय ते सांगितलं. तुझं नाव सांगितलं. गेनबा तुला ओळखतो, त्याची व्हॅन तू एकदा मार्गासनीच्या चढावर पावसात पडून दुरुस्त करून दिली होतीस म्हणे, मला ते ठाऊकही नव्हतं. तो उठला, किल्ली घेऊन आला, आणि माझ्या हातात देताना म्हणाला, ‘न्या. हितं ठिवून तरी काय करू म्या? पर गाडी चालू झाली की एकडाव हिकडनं काढा. लांबनं आली तरी आवाज वळखंन मी.’ मी व्हय म्हणालो. अंबूबाईनं पिशवीत तांदूळ घातले, तुझ्या नावाचे वेगळे. ते इथं डब्यात आहेत.

ती किल्ली मी उघडून तिच्यातली चिप फियाटच्या किल्लीच्या घरामागं चिकटवली. आता तुझी जुनी पितळी किल्लीच चालते. बाहेरून बघणाऱ्याला काही कळणार नाही.

आता इथलं. गॅरेज चालू आहे म्हणायला चालू आहे. लोक येतात, दारातून आत बघतात, ‘शफीभाई नाहीत का?’ म्हणतात आणि जातात. वायरिंगचं काम असेल तर थांबतात. दुपारी मी डबा उघडतो. अजून सवयीनं पत्र्याच्या टेबलाच्या एका बाजूलाच सरकून बसतो, समोर जागा सोडून. प्रेरणा इंदूरहून रोज फोन करते, पोरगी गुणी आहे, पण तिचे प्रश्न तेच, बाबा जेवलात का, गोळी घेतली का. मी हो म्हणतो, ती बरं म्हणते. बऱ्याचदा अख्ख्या दिवसात त्याहून जास्त बोलणं होत नाही. मला एकटं वाटतं, शफी. बायको गेली तेव्हा वाटलं होतंच, पण तेव्हा सकाळी गॅरेजला यायचं होतं आणि तू तिथं असायचास, नेहमीसारखा माझ्यावर खेकसायला. आता सकाळी उठून कुणाशी भांडायचं हाच प्रश्न असतो.

मध्ये अजरा वहिनींचा फोन आला होता. तुला सांगू नका म्हणाल्या, मी सांगतोय. म्हणाल्या, ‘भाऊजी, हे दिवसभर गॅलरीत बसतात, खालच्या गाड्या बघतात. जेवा म्हटलं की जेवतात, चला म्हटलं की चालतात. स्वतःहून काही म्हणून नाही. दानिशनं कानाचं मशीन आणलंय, ते डबीतून बाहेर काढलेलं नाही. नातवंडं जवळ येतात आणि आपलं बोलणं यांना कळत नाही म्हणून परत जातात.’ मी विचारलं, काही बोलतो का माझ्याबद्दल? त्या नाही म्हणाल्या. मला राग आला. मग वाटलं, मी तरी दुसऱ्या कुणाकडं तुझा विषय कुठं काढतो? विषय काढला की लोक तेच म्हणतात, वयानं होतं, काय करणार. म्हणून काढत नाही.

तुझे कान जात होते हे मला तुझ्याआधी कळलं होतं. ट्रायलला जाताना तू चालवायचास आणि मी डावीकडं टेस्ट लॅम्प मांडीवर घेऊन बसायचो. एकदा मागून एसटीनं इतका हॉर्न दिला आणि तू आपला मजेत रस्त्याच्या मध्यातून. मी तुझ्या मांडीवर बोट टोचलं, तू आरशात बघितलंस आणि बाजू दिलीस. त्या दिवसापासून ते सुरू झालं. मागून हॉर्न आला की एकदा टोचायचं, इंजिनात खडखड ऐकू आली की दोनदा. तू मग पायाखालून, हातातून अंदाज घेऊन बरोबर सांगायचास काय बिघडलंय ते, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, शफीभाईंचा कान म्हणजे कान. आपण किती वर्षं असं निभावलं. मला एकदाही त्याचं ओझं वाटलं नाही. तुला वाटत होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

आंबवड्याच्या रस्त्यावरचा तो दिवस. सुलक्षणाचं वर्षश्राद्ध होतं, मी घरी होतो. गिऱ्हाईक घाईवर आलेलं, तू एकटाच ट्रायलला गेलास. मागून दुधाचा टेम्पो हॉर्न देत होता, तू उजवीकडं घेतलंस, तो भाताच्या खाचरात उतरला. कुणाला खरचटलंही नाही, दूध तेवढं सांडलं. पण बघ्यांपैकी कुणीतरी ओरडलं, ‘बहिरा हाय तो, त्याच्या हातात गाडी कशी देता?’ तू ते ओठांवरून वाचलंस की चेहऱ्यावरून, कोण जाणे. संध्याकाळी मी गॅरेजला आलो तर तू हात धुऊन, पाने जागेवर लावून बसला होतास. ‘धनाजीच्या पोराला ठेव ट्रायलला’ एवढं म्हणालास आणि घरी गेलास. त्यानंतर तू स्टिअरिंगवर बसला नाहीस, फियाटच्याही नाही. आणि मग दानिश तुम्हाला न्यायला आला. मी कुणालाही ठेवलं नाही.

म्हणून हे इंजिन. आता तुला कळलं असेल. जुनं फियाटचं इंजिन ऐकूनच चालवावं लागायचं, कुठल्या आवाजाला गिअर टाकायचा ते कानाला कळायचं. या इंजिनाची डबी किती फेरे चाललेत ते आकड्यात सांगते. मी समोर काटा बसवलाय, गिअर बदलायच्या जागी तांबडी रेघ मारलीय. दोन्ही बाजूंना ट्रकचे आरसे लावलेत. गाडी कुरूप दिसते, पण मागचं सगळं दिसतं. पुण्याला तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन आवाज पकडणारं एक सर्किट आणलं, त्याचा माईक मागच्या बंपरखाली आहे. मागून मोठा हॉर्न वाजला की तुझ्यासमोर पिवळा दिवा लागतो. अजून पूर्ण जमलेलं नाही. समोरची गिरणी सुरू झाली तरी लागतो, रतनबाई तिच्या नवऱ्यावर ओरडली तरी लागतो. पण हॉर्नला चुकत नाही. लायसनचंही विचारून आलो. कमी ऐकू येणाऱ्याला हल्ली मिळतं, डॉक्टरचा दाखला लागतो, एवढंच.

एक गोष्ट मात्र राहिली होती. गुरुवारी सकाळी मी सेल्फ मारला आणि इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. लागलं ते इतकं गुळगुळीत की मला दोन क्षण वाटलं बंद पडलं. मी वळून बघितलं, काहीतरी बोलायला तोंडही उघडलं होतं. मागं कुणी नव्हतं. मग मी गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. काही नाही. स्टिअरिंगवर ठेवला. काही नाही. कान बोटांनी घट्ट बंद केले आणि बसून राहिलो, तर गाडी चालू आहे की बंद हे मला कळेना. तेव्हा ध्यानात आलं की इतकं सगळं करून मी तुझ्यासाठी एक मुकी गाडी तयार केली होती. तू शेवटी शेवटी हातानंच ऐकायचास, आणि तेच मी काढून घेतलं होतं. इंजिन ज्यावर बसतं त्या माउंटिंगच्या रबरांपैकी एक मी काढलं आणि त्या जागी ट्रॅक्टरच्या टायरचा कडक तुकडा कापून घातला. हे काम दुसऱ्या कुणी केलं असतं तर आपण त्याला गॅरेजातून हाकललं असतं. पण आता दांड्यावर हात ठेवला की सगळं इंजिन तळव्यात येतं. इंद्रजित म्हणाला, ‘काका, एक माउंटिंग कडक झालंय, बदलून टाका, गाडी थरथरते.’ मी म्हणालो, असू दे. त्यानं माझ्याकडं बघितलं, दिव्याकडं, आरशांकडं बघितलं. दांड्याला गुंडाळायला त्यानं जाताना चांगलं चामडं दिलं.

दानिशला मी हे सांगितलंय. तो म्हणाला, ‘काका, मी ड्रायव्हर पाठवतो, गाडी इकडं आणतो, अब्बांना आवडेल.’ मी म्हणालो, इंजिन बदललंय, आरटीओत मालक स्वतः लागतो. ते खरं आहे, पण मी नाही म्हणालो ते त्यासाठी नव्हे. ट्रायल झाल्याशिवाय आपली गाडी बाहेर जात नाही, आणि ट्रायल मी करू शकत नाही. इतकी वर्षं गाड्यांच्या पोटात घालवली, पण मला गॅरेजच्या फाटकापलीकडं गाडी चालवता येत नाही, हे आता गावात कुणालाच माहीत नाही. सुलक्षणाला होतं, आणि तुला आहे.

आता हे पत्र खरं कशासाठी लिहिलं ते. कालपासून मला या इंजिनात काहीतरी वाटतंय. गरम झाल्यावर, दांड्यावर हात ठेवला की त्या थरथरीच्या खाली मधूनच एक ठोका मागं पडल्यासारखा लागतो. इंद्रजितनं स्कॅनर लावून अर्धा दिवस बघितलं. त्याच्याकडं काही येत नाही, सगळं व्यवस्थित आहे म्हणतो, आणि तो उगाच म्हणणारा माणूस नाही. कडक रबरामुळं असेल. माझा हात वायरमनचा, त्याला यातलं काय कळतं. मी काल दुपारभर गाडीत डावीकडं बसून दांडा धरून होतो. कधी वाटायचं आहे, कधी वाटायचं नाही. तिथं खरंच काही आहे, की तू यावंस म्हणून माझा हात ते हुडकतोय, हे मला ठरवता येत नाही. तुला ते एका मिनिटात कळेल. येऊन एकदा हात ठेव. काही नाही म्हणालास तर मी मानीन, पण लगेच परत जाऊ नकोस.

तुझाच,
सोमनाथ